पोटावारी राबणारे दोन मित्र

फार पूर्वी अश्मक देशात विशाख नावाचा राजा राज्य करीत होता. त्या काळी बोधिसत्त्व एका विणकराच्या कुळात जन्माला आला. त्याचे नाव क्षेमक. आईबाप निवर्तल्यावर त्याने माग धाकट्या भावाच्या हवाली केला आणि तो देश पाहायला निघाला. वाटेत त्याला पुष्यक नावाचा तरुण भेटला. दोघांचे सूत जुळले आणि तेव्हापासून ते एकत्र हिंडू लागले.

दोघेही पोटावारी राबत. कुणाच्या शेतात निंदणी करावी, कुणाची गुरे वळावीत, कुणाच्या खळ्यावर मळणीला उभे राहावे. त्याबदल्यात दोन वेळचे जेवण आणि गोठ्यातला एक कोपरा मिळावा. मजुरी ते मागत नसत.

पुष्यकाच्या पायाला भिंगरी होती. नव्या गावात पहिले काही दिवस तो खुशीत असे. तिथले पाणी त्याला गोड लागे, बैलांच्या खोडी पाहून तो हसे. पण आठ-दहा दिवस उलटले की त्याचे मन उडे. जेवायला तो उकिडवा बसे, जणू कुणाची हाक येताच उठायचे आहे. हातात खुरपे असले तरी डोळे रस्त्याकडे असत. मग तो म्हणे, "चल क्षेमका, पलीकडच्या गावात ऊस तोडणीला आलाय." बोधिसत्त्व हातातले काम उरकी आणि त्याच्या मागून चालू लागे.

असे हिंडत ते गोदावरीकाठच्या एका गावी चंडक नावाच्या म्हाताऱ्या गृहपतीकडे आले. त्याला मूलबाळ नव्हते. तो आणि त्याची बायको उत्पला, दोघेच राहत. शेतात भाताचे दाणे भरत आले होते. चंडकाने दोघांना पायांपासून डोक्यापर्यंत न्याहाळले.

"पोटावारी राबणारे पुष्कळ पाहिलेत मी," तो म्हणाला. "निंदणीला येतात आणि कापणीच्या आधी पळतात. राहायचं तर राहा. गोठा तिकडं आहे."

म्हातारा येताजाता करवादे. उत्पला मात्र त्यांना गरम पेज वाढी आणि दोघांचे पोट भरल्याशिवाय स्वतः जेवत नसे. पंधरा दिवस गेले. पुष्यक निघायच्या गोष्टी करू लागला होता, तोच गावात ताप आला.

पहिल्या चार दिवसांत तीन घरांतली माणसे दगावली. गावच्या मुख्याने, ग्रामणीने, गाव उठवून नदीपार रानात न्यायचे ठरवले. गाड्या जुंपल्या गेल्या. त्याच सकाळी चंडक आणि उत्पला दोघेही अंथरुणाला खिळली.

ग्रामणी बांधावर येऊन उभा राहिला. तो पुढे आला नाही. "तुम्ही दोघे धट्टेकट्टे आहात," तो ओरडून म्हणाला. "माझ्याबरोबर चला. पलीकडं माझं नवं रान मोडायचंय. तूपभात खायला घालीन, निजायला कोरडी झोपडी देईन. पुढल्या सालापासून त्यातला एक तुकडा तुमच्या नावचा."

पुष्यकाने गाठोडे आधीच बांधले होते. "चल," तो म्हणाला.

"भात पिकलंय," बोधिसत्त्व म्हणाला. "चार दिवसांत कापलं नाही तर झडायला लागेल. आणि यांना पाणी कोण देईल?"

"आपण यांचे कोण लागतो? दोन वेळच्या जेवणाचे आपण पाहुणे. ते काम करून फेडलंय."

"तू जा, पुष्यका. मी राग धरणार नाही."

पुष्यकाला वाटले होते की तो वाद घालील. वाद घातला असता तर निघणे सोपे गेले असते. क्षणभर तो घुटमळला, मग बांध ओलांडून गाड्यांच्या मागे लागला.

नदीपार ग्रामणीने शब्द पाळला. भातावर तुपाची धार होती, झोपडी कोरडी होती. पण पुष्यक सकाळी कुदळ घेऊन उभा राही आणि नदीकडे बघत राही. आज पहिले दाणे झडले असतील, असे त्याच्या मनात येई. पाचव्या दिवशी कुणाला न सांगता तो तिथून निघाला आणि तिळाच्या एका शेतावर कामाला लागला. तिथे दोन दिवसही टिकला नाही. पुढे एका गुऱ्हाळावर राहिला. गरम रसाचे भांडे तोंडाला लावले आणि तसेच खाली ठेवले. गुऱ्हाळवाला म्हणाला, "काय रे, गोड लागेना?" पुष्यकाने भांडे त्याच्याकडे सरकवले. आजवर त्याला पुढचे गाव ओढत असे. आता ओढ मागून होती, आणि तो जितका लांब जाई तितकी ती वाढे. अकराव्या दिवशी तो उलट फिरला.

तीन दिवस चालून तो गावाजवळ पोचला तेव्हा दुपार होत होती. घरे बंद होती. चंडकाच्या शेताचा मोठा भाग कापून झाला होता. उरलेल्या भागात निम्मे भात जमिनीवर झडले होते आणि त्यावर पाखरांचे थवे उतरले होते. खळ्याच्या कडेला चंडक घोंगडी पांघरून बसला होता आणि काठी आपटून पाखरे हाकत होता. त्याचे गाल आत गेले होते.

"उत्पलाआई कुठं आहेत?" पुष्यकाने विचारले.

म्हाताऱ्याने काठी थांबवली. "सहा दिवस झाले ती जाऊन. या तुझ्या मित्रानंच तिला खांद्यावर घेऊन नदीला नेलं. शेवटी तापात भान नव्हतं तिला. तरी चुलीजवळ भांडं वाजलं की विचारायची, त्या दुसऱ्या पोराला वाढलं का? मी म्हणायचो, वाढलं. आणखी काय सांगणार?"

पुष्यक तिथेच खाली बसला. चंडक त्याला रागे भरला नाही. तो पुन्हा काठी आपटू लागला.

थोड्या वेळाने पुष्यक उठला आणि शेतात गेला. बोधिसत्त्व वाकून कापत होता. त्याच्या तळहातांना चिंध्या बांधल्या होत्या. त्याने मान वर करून पाहिले आणि तो हसला.

"तुला एकदाही निघून जावंसं वाटलं नाही?" पुष्यकाने विचारले. "मी गेलो. तापाला भिऊन गेलो. तुला कशाचंच काही वाटत नाही का?"

"रोज सकाळी वाटायचं," बोधिसत्त्व म्हणाला. "उत्पलाआई गेल्या त्या दिवशी तर मी बांधापर्यंत गेलो होतो. मग चंडकबाबांनी पाणी मागितलं. पाणी दिलं, आणि म्हटलं, आता एवढी एक ओळ कापू आणि जाऊ. ती झाली की पुढची दिसायची."

पुष्यकाने खळ्यावरून दुसरा विळा आणला आणि मित्राच्या शेजारची ओळ धरली. त्याचे पाय तेव्हाही शिवशिवत होते. रस्त्यावरून एखादी गाडी गेली की त्याची मान वळे. पण ती ओळ संपली तेव्हा त्याने पुढची धरली. झडलेले दाणे दोघांनी सुपाने गोळा केले. गाव परतले, मळणी झाली, आणि चंडक आपल्या पायांनी नदीवर जाऊ लागला. तोवर पुष्यक तिथेच होता.

ही कथा सांगून शास्ते भगवान बुद्ध भिक्षूंना म्हणाले, "भिक्षूंनो, पावसाळ्यातल्या एकाच वर्षावासात तीन विहार बदलणारा आणि आजारी स्थविराला, वृद्ध भिक्षूला, एकटे सोडून इथवर आलेला हा भिक्षू कुंदक, तोच त्या वेळचा पुष्यक. ज्याला तो सोडून आला, तो स्थविर म्हणजे गृहपती चंडक. त्या स्थविराची सेवा आजही करीत असलेली उपासिका शीलवती ही तेव्हाची उत्पला. आणि शेतात मागे राहिलेला क्षेमक मीच होतो. ज्याच्या मनात निघून जाण्याचा विचार येतच नाही, त्याच्या थांबण्याला अधिष्ठान, म्हणजे दृढ निश्चय, म्हणत नाहीत. तो विचार रोज येत असताना जो हातातली ओळ सोडत नाही, त्याचे ते अधिष्ठान."