दोन दारांची खोली

फार पूर्वी एका नगराच्या वेशीला लागून एक विद्यापीठ होतं. तिथली मुलं शिकून हुशार व्हायची, पण स्वतःचा धंदा काढायला निघाली की अडायची. बाजारात जागा मिळत नसे आणि चुकलं तर सांभाळून घेणारं कोणी नसे.

म्हणून कुलगुरूंनी एका वृद्ध स्थपतीला बोलावून अशा मुलांसाठी जागा बांधायला सांगितली. त्याने बाजाररस्त्याच्या कडेला खोल्यांची एक ओळ बांधली. खोल्या लहानच होत्या. प्रत्येक खोलीला दोन दारं होती, एक विद्यापीठाच्या अंगणात उघडणारं आणि दुसरं रस्त्यावर. समोर एकच लांब ओसरी होती. दुपारी सगळे तिथेच शिदोरी सोडत आणि एकमेकांच्या अडचणी ऐकत.

पहिली खोली इंदुमतीला मिळाली. ती रिठा आणि कडुनिंबाच्या, अंग धुवायच्या वड्या करायची. सुरुवातीला वड्या वाळताना तडकायच्या. मग आतल्या दाराने वनस्पतींचे गुरुजी आले आणि म्हणाले, "उन्हात नको, सावलीत वाळव." वड्या टिकू लागल्या. रस्त्यावरच्या दाराशी गिऱ्हाइकांची रीघ लागली.

शेजारच्या खोलीत सोमदत्त होता. विहिरीतून पाणी उपसायचं हलकं चाक तो करत होता. पण भरलेली बादली ओढून बघितली की चाक दर वेळी अर्ध्यात अडकायचं.

होता होता इंदुमतीला खोली अपुरी पडू लागली. ती कुलगुरूंकडे गेली. "मधली भिंत पाडून शेजारची खोलीही मला द्या," ती म्हणाली. "सोमदत्तचं काही अजून जमत नाहीये."

इंदुमतीमुळे विद्यापीठाचं नाव झालं होतं. कुलगुरूंना नाही म्हणवेना. त्यांनी स्थपतीला पाठवलं.

स्थपती पहार घेऊन आला आणि भिंतीपाशी थांबला. पलीकडून चाक घासल्याचा आवाज येत होता.

"भिंत काय, घटकाभरात पडेल," तो म्हणाला. "पण मुली, आता तुझं नाव झालंय, पेठेत तुला चांगली ऐसपैस जागा मिळेल. मग इथेच का?"

इंदुमती हळूच म्हणाली, "बाबा, मला बाहेर जायची भीती वाटते. इथे काही बिघडलं तर गुरुजी आहेत. तिथे मी एकटी."

स्थपतीने पहार खाली ठेवली. "भीती वाटणारच. म्हणून तर आतलं दार ठेवलं. तू पेठेत गेलीस तरी ते तुला बंद होणार नाही, केव्हाही ये आणि विचार. पण आज सोमदत्तला बाहेर काढलं, तर चाक पुरं करायला त्याला जागा कुठली?"

पलीकडे चाक पुन्हा अडकलं. सोमदत्त ते पुन्हा खोलू लागला. आपल्या तडकलेल्या वड्यांचा ढीग इंदुमतीला आठवला. तेव्हा कोणी तिला जा म्हटलं नव्हतं.

"भिंत राहू द्या," ती म्हणाली.

चार दिवसांत ती पेठेत गेली. सुरुवातीला तिथे कोणी फिरकेना, कारण गिऱ्हाइकं सवयीने जुन्याच दाराशी जात. सोमदत्त हातातलं काम टाकून बाहेर येई. "इंदुमतीताई आता पेठेत, देवळासमोर," असं सांगून तो त्यांना वाट दाखवी. हळूहळू तिच्या दुकानात गर्दी होऊ लागली.

वाट विचारायला थांबलेले लोक सोमदत्तचं चाकही बघत. एकदा एक माळी वाकून म्हणाला, "अरे, आमच्या विहिरीत दोर ओला होऊन फुगतो. तुझ्या चाकाची खाच त्याला अरुंद पडते." सोमदत्तने खाच रुंद केली. चाक फिरलं आणि अडकलं नाही.

पुढच्या वर्षी गावोगावच्या विहिरींवर त्याची चाकं लागली. आता त्यालाही खोली अपुरी पडू लागली.

सामान बांधून तो दारात नुसताच बसून राहिला होता. तेवढ्यात इंदुमती बैलगाडी घेऊन आली.

"भीती वाटते?" तिने विचारलं.

"वाटते, ताई."

"मलाही वाटली होती," ती म्हणाली आणि तिने चाकाची एक बाजू उचलली. "चल, तू दुसरी बाजू धर."

गाडी पेठेकडे वळली, तेव्हा ओसरीवर एक मुलगी आपलं गाठोडं घेऊन उभी होती. स्थपतीने तिला सोमदत्तच्या खोलीची दोन्ही दारं उघडून दिली.

तात्पर्य: ज्या जागेने आपल्याला उभं केलं, ती वेळेवर मोकळी करावी. त्याने आपलीही वाट रुंद होते आणि मागून येणाऱ्यालाही पाय रोवता येतो.