न निघणारा धूर

भोरकडेवाडीच्या शाळेत खिचडीची चूल वर्गाला अगदी लागून होती. ओली लाकडं पेटली की सगळा धूर वर्गात. पोरं डोळे चोळत पाढे म्हणायची आणि खिचडी शिजवणारी हौसाबाई खोकून खोकून अर्धी व्हायची. मुख्याध्यापिका गव्हाणेबाईंनी सभापती रावसाहेबांकडे धुराडं मागितलं, तर ते म्हणाले, "अहो बाई, धुरानं डास जातात!"

पुढे तेच रावसाहेब शाळेच्या नव्या कमानीचं उद्घाटन करायला आले. सभा वर्गातच भरली. खिचडीची वेळ झाली होती, पलीकडे चूल पेटली. रावसाहेब रंगात येऊन गरजले, "माझ्या कारकिर्दीत या गावातून सोन्याचा धूर निघतोय!"

आभार मानायला गव्हाणेबाई उठल्या.

"साहेब, गावातून सोन्याचा धूर निघतो हे ऐकून बरं वाटलं. आमच्या शाळेतला धूर साध्या बाभळीचा आहे, पण मेला निघतच नाही. तेवढा निघेल असं बघा."

सारा वर्ग हसला. रावसाहेबही हसायला गेले आणि त्यांना असा ठसका लागला, की हौसाबाईला पाण्याचा तांब्या घेऊन धावावं लागलं.

आठवड्यात धुराडं बसलं. त्यावर रावसाहेबांनी आपलं नाव सोनेरी अक्षरांत घालून घेतलं. अक्षरं महिन्याभरात काळी पडली; पोरांचे डोळे मात्र निवळले.