आवडीच्या माडाची कहाणी

ऐका धरणीमाते, तुमची कहाणी. खाडीच्या काठी आटपाट गाव होतं. गावात एक विधवा बाई राहत होती. तिला एक मुलगी, एक मुलगा. मुलीचं नाव आवडी, मुलाचं नाव सुभाना. घर लहान, घरामागचं परडं मोठं. आवडीनं परड्यात माड लावला. त्याला आळं केलं, वर्षानुवर्षं पाणी घातलं, माड उंच झाला. कोपऱ्यात खताचा ढीग रचला. खाली शेण, वर पालापाचोळा, त्यावर चुलीतली राख. म्हणायची, पावसाआधी हे सगळं झाडांना वाटीन.

मग काय झालं? आवडीला ताप आला. आज उतरेल, उद्या उतरेल, असं म्हणता म्हणता आवडीच गेली. सुभाना रडला नाही. त्याची अन्नावरची वासना उडाली. आईला म्हणाला, तिच्या कशाला हात लावायचा नाही. तिची कळशी तशीच राहिली, तिचा फणी-आरसा तसाच राहिला, तिचा ढीगही तसाच राहिला. आई टोपली घेऊन ढिगाकडे गेली, तर त्यानं टोपली हिसकावून घेतली. पाऊस येऊन गेला. झाडं उपाशी राहिली.

मग माडावर भुंगे आले. काळेभोर, अंगठ्याएवढे, नाकावर शिंग. शेंड्यात शिरायचे, आतला कोवळा कोंब कुरतडायचे. पहिली झावळी उघडली, ती कात्रीनं कापल्यासारखी. दुसरी उघडली, तीही तशीच. तिसरी उघडली, ती अर्धीच. सुभानाला वाटलं, बहीण दुसऱ्यांदा जाते आहे. मग त्यानं शिडी लावली, तारेच्या आकड्यानं भुंगे ओढून काढले, पायाखाली चिरडले. भुंगे पुन्हा आले. त्यानं धूर केला. भुंगे पुन्हा आले. मग तो शेजारच्या चंद्राकाकीशी भांडला. म्हणाला, तुझीच नजर लागली. काकी कुंपणावरून म्हणाली, "माझ्या नजरेला दात असते ना, तर आधी तुझी जीभ खाल्ली असती."

मग सुभानानं कुऱ्हाड उचलली. माडाला म्हणाला, ती राहिली नाही, तू तरी कशाला राहतोस. इतक्यात कुंपणाच्या फाटकात, बेड्यापाशी, एक म्हातारी आली. म्हणाली, तोडायचा तो तोड बाबा, आधी मला पाणी दे. सुभानानं कुऱ्हाड ठेवली, तांब्याभर पाणी आणलं. म्हातारी पाणी प्यायली. मग तिनं विचारलं, भुंगे येतात कुठून? तो म्हणाला, आभाळातून.

"पाहिलंस, की तुला वाटलं?"

म्हातारी म्हणाली, दिवेलागणीपर्यंत माझ्याजवळ बस. तो बसला. दिवेलागण झाली. कोपऱ्यातला ढीग हलला. एक भुंगा वर आला, घूं घूं करत माडावर गेला. मग दुसरा आला. मग तिसरा आला. सुभाना ढिगापुढं जाऊन उभा राहिला.

"आजी, हा ढीग माझ्या बहिणीनं रचलाय. तिचे हात लागलेत याला."

"कुणासाठी रचला?"

"झाडांसाठी."

"मग झाडांना मिळाला का?"

तेव्हा सुभाना रडला. आवडी गेल्यापासून पहिल्यांदा रडला. म्हातारीनं रडू दिलं. मग त्याला मातीचा वसा सांगितला. दर सोमवारी ढीग उकरावा. खालचं वर करावं, वरचं खाली करावं. पांढऱ्या, वळलेल्या अळ्या वेचून कोंबड्यांना घालाव्या. मुरलेलं खत झाडांना द्यावं, उरलेलं शेजारी द्यावं. झावळ्यांच्या बेचक्यांत वाळू आणि निंबोळीचा चुरा भरावा. काही राखून ठेवू नये. आळसानं वसा टाकू नये, मायेनंही टाकू नये. इतकं बोलून म्हातारी दिसेनाशी झाली.

सुभानानं वसा घेतला. पहिल्या सोमवारी ढीग उकरला. दुसऱ्या सोमवारी उकरला, खत झाडांना घातलं. तिसऱ्या सोमवारी ढीग सरत आला, एक टोपली उरली. त्याला ती देववेना. गोठ्यामागे नेली, वर गोणपाट टाकलं. म्हटलं, एवढी एक राहू दे माझ्यापाशी. मग भुंगा पुन्हा आला, नवा कोंब कुरतडला. या वेळी त्यानं कुणाला बोल लावला नाही. टोपलीपाशी जाऊन बसला.

आई आली. शेजारी बसली. म्हणाली, "सुभाना, मी तिला पोटात ठेवली होती रे. मलाही तिथं ठेवता आली नाही. बाहेर येऊ दिली, म्हणून ती चालली, बोलली, तिनं हा माड लावला."

मग दोघांनी मिळून टोपली उचलली. अळ्या वेचल्या, कोंबड्यांना घातल्या. अर्धं खत माडाला घातलं. अर्धं सुभाना चंद्राकाकीकडे घेऊन गेला, खाली मान घालून उभा राहिला. काकीनं ते दोडक्याच्या वेलाला घातलं. पुढं वेल मांडवभर पसरला. तिनं कुंपणावरून दोडके दिले. म्हणाली, घेऊन जा, फुकटचं खाऊन वेल माजलाय नुसता.

पुढची झावळी उघडली, ती अखंड. आईनं तिच्यावरून हात फिरवला. वर्ष गेलं, दुसरं गेलं, माडाला फुलांची पोय फुटली, फळ धरलं. पहिला नारळ धरणीमातेपुढं फोडला, त्याचं खोबरं आळीतल्या पोरांना वाटलं. त्या दिवशी सुभाना आईजवळ जेवायला बसला. आईनं वाढलं, त्यानं खाल्लं. आईनं आणखी वाढलं, त्यानं आणखी खाल्लं. तिसऱ्यांदा त्यानंच ताट पुढं केलं.

जशी धरणीमाता सुभानाच्या माडाला पावली, तशी तुमच्या-आमच्या परड्याला पावो. ज्याचं माणूस गेलं, त्याच्या घासाला चव येवो. टोपलीभर दुःखाची ही कहाणी, ओंजळभर बोलांत सांगितली, देवाब्राह्मणांच्या दारी, गाईगुरांच्या गोठी, झाडामाडांच्या मुळाशी सुफळ झाली.