विसाव्याच्या दिवशीचा रस

शिंदीच्या झाडाला विसावा किती द्यावा, असे तुम्हांला कोणी विचारले तर काय सांगाल?

केवळपुरी महाराजांच्या मठात ह्याचे उत्तर ठरलेले होते. परसात शिंदीची अकरा झाडे होती, एकेका शिष्याकडे एकेक. थंडीत शेंड्याजवळ खोडाला चीर द्यायची, चुना फासलेले मडके बांधायचे, ते सूर्योदयापूर्वी उतरवायचे आणि रस आटवून पाक करायचा. तीन दिवस रस घ्यायचा. पुढचे चार दिवस झाडाला हात लावायचा नाही.

महाशिवरात्रीला महाराज ज्याचा पाक नैवेद्यासाठी निवडीत, त्याच्याकडे वर्षभर गाभाऱ्यातील पूजा येई. शिष्यांपैकी त्रिविक्रम तीन वर्षे त्या पूजेसाठी झुरत होता. तो विद्वान होता, आणि हे तो क्षणभरही विसरत नसे.

त्या वर्षी त्याने कळशीभर पाक आणला. त्याच्याहून वयाने वडील, निरक्षर शिष्य गोमाजी वाटीभर घेऊन आला.

"गोमाजी, देवाला चाटण आणलेत काय?" त्रिविक्रम म्हणाला.

जमलेले गावकरी हसले. गोमाजीही हसला.

महाराजांनी कशाचीच चव घेतली नाही. त्रिविक्रमाचे झाड कोणते, एवढेच विचारले आणि काठी टेकीत ते परसात गेले. मागोमाग सारे गेले.

झाडाच्या शेंड्याशी चीर ओली होती. तिच्यावर मधमाश्या घोंगावत होत्या.

"आज दिवस कोणता?"

"विसाव्याचा, महाराज."

"कितवा?"

"...तिसरा."

"मग ह्या माश्यांना आवतण कोणी दिले?"

त्रिविक्रम गडबडला नाही. रस येत होता, अर्थात झाडाची ना नव्हती. नेम माणसांनी केलेला. देवाला अधिक वाहण्यात पाप नाही, असे त्याने शास्त्राचे आधार देत मांडले. ते खोडून काढणे तिथे कोणालाच जमले नसते.

महाराजांनी सगळे ऐकून घेतले. मग काठी बाजूला ठेवली, आणि ऐंशी वर्षांच्या त्या देहाने झाडापुढे साष्टांग नमस्कार घातला.

त्रिविक्रमाच्या ओठांवर पुढचा आधार तयार होता...



"चुकलो," तो म्हणाला.

महाराज उठले. त्यांनी गोमाजीच्या हातातली वाटी घेऊन ती त्याच्याच मस्तकावर ठेवली. सनई लागली, ढोल वाजला. मघाशी हसलेले गाव त्या एवढ्याशा वाटीमागे 'हर हर महादेव' गर्जत देवळाकडे निघाले. गोमाजीच्या डोळ्यांना धार लागली होती. वाटीतला थेंब मात्र सांडला नाही.

परसात गुरू आणि शिष्य उरले.

"मी गाभाऱ्यात कधी येऊ, महाराज?"

शिंदीची चीर झाडाच्या आयुष्यात बुजत नाही. पंचवीस वर्षांपूर्वीच्या चिरा अकराही खोडांवर तशाच होत्या.

महाराजांनी त्या ओल्या चिरेकडे पाहिले.

"ही बुजेल तेव्हा ये. तोवर तुझा देव इथे आहे."