पुळणीवर गाडी घालण्याआधी

"चाकात हवा किती ठेवायची, एवढंच सांगा चाचा. बाकीचं मला येतं."

मुकादमचाचांनी मान वर केली नाही. मांडीवर जुनी ट्यूब घेऊन ते तिच्यावर ठिगळ बसवत होते.

"बाकीचं म्हणजे?"

"गाडी चालवणं."

मैथिली सबनीस कोल्हापूरची. डोंगरातल्या, चिखलातल्या गाड्यांच्या स्पर्धेत तीन वेळा पहिली आलेली. एका रुग्णसेवा मंडळानं तिला जीप देऊन इथं पाठवलं होतं. जीप चारही चाकांनी ओढणारी होती. पुळणीवरून नेण्याची परवानगी काढून तो कागदही काचेवर चिकटवलेला होता.

इथं म्हणजे जिथं डांबर संपतं आणि वाळू सुरू होते तिथं. समुद्रात घुसलेल्या वाळूच्या लांब पट्ट्याच्या पार टोकाला खारसावरे गाव. गावामागच्या खाडीवरचा पूल दहा-बारा दिवसांपूर्वी खचला. तेव्हापासून गावाला एकच वाट उरली होती, ओहोटीला उघडी पडणारी साडेचार किलोमीटरची पुळण.

गावात रोहिणी तोडणकर राहायच्या. अंगणवाडीतून निवृत्त झालेल्या. दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाल्यामुळे आठवड्यातून दोनदा तालुक्याला डायलिसिसला जावं लागायचं. दोन वेळा होडीनं नेलं. तिसऱ्या वेळी खाडीच्या मुखाशी लाटा फुटत होत्या, होडी परत फिरली. ती खेप चुकली तेव्हा त्यांना चार पावलांवर धाप लागू लागली.

पुढची खेप गुरुवारी होती. आज मंगळवार.

हुसेन मुकादम यांचं घर खारसावऱ्यात आणि गॅरेज अलीकडे, डांबराच्या टोकाला. तीस वर्षं त्यांनी याच पुळणीवरून मासळीची जीप नेली होती. आता डोळे अधू झाले म्हणून चालवणं सोडलं होतं. ओहोटीला चालत यायचे, ओहोटीला चालत जायचे.

चाचांनी ट्यूब बाजूला ठेवली आणि जीपभोवती एक फेरी मारली.

पुढे जाड लोखंडी बंपर. त्यावर गाडी ओढायचं यंत्र. टपावर कॅरियर, कॅरियरवर दोन स्टेपन्या, डिझेलचे दोन कॅन, वर सहा दिवे.

"खाली काढ."

"काय काय?"

"जे दाखवायला आणलंस ते."

मैथिलीचे कान लाल झाले. पण तिनं पाने हातात घेतले.

दुपारपर्यंत गॅरेजसमोर ढीग झाला. गाडीत राहिलं ते एवढंच: फावडं, दोन जाड फळ्या, दोरखंड, हवेचा पंप, हवा मोजायचं मीटर, पाण्याचा कॅन. एक स्टेपनी तिनं हट्टानं ठेवली.

"आता सांगा. हवा किती?"

"चपला काढ. खारसावऱ्याला जाऊन ये. रोहिणीला भेट. पायी."

"चाचा, मी माणसं न्यायला आले आहे, चालायला नाही."

चाचा पुन्हा ठिगळाकडे वळले.

ती गेली. रागानं भराभर चालली आणि रागामुळेच लवकर दमली. झाडांच्या बाजूची वाळू कोरडी, पाय घोट्यापर्यंत आत. पाण्याजवळची घट्ट, पाऊल जेमतेम उमटेल अशी. मध्यावर एक ओहोळ पुळण कापून समुद्राला मिळत होता. त्याच्या काठची वाळू काचेसारखी चमकत होती. तिनं पाय ठेवला आणि पोटरीपर्यंत गेला.

तोडणकरांच्या पडवीत रोहिणीकाकू खाटेवर बसल्या होत्या. डावा हात मांडीवर, जपून ठेवलेला. याच हातात सुया टोचतात.

"गाडी उसळली की इथं कळ येते," त्या म्हणाल्या. "एकदा येताना पट्टी सुटली. सगळं लुगडं भिजलं रक्तानं."

"काळजी करू नका काकू. मी तीन कप जिंकलेत."

"हो? छान गं."

रोहिणीकाकू खरंच कौतुकानं हसल्या. मग म्हणाल्या, "पण मी यांना सांगून ठेवलंय. पूल होईस्तोवर नको जायला. किती जणांनी माझ्यापायी जीव टांगायचा?"

त्यांचे यजमान मुरारी तोडणकर दारात उभे होते. ते आत निघून गेले. आत भांडं पडल्याचा आवाज झाला.

मैथिली पाणी प्यायली आणि निघाली.

परतली तेव्हा सूर्य कलला होता.

"वाळू कशी आहे?" चाचांनी विचारलं.

तिनं सांगितलं. कोरडी कुठे, घट्ट कुठे, ओहोळ कुठे. नीट, पावलं मोजल्यासारखं सांगितलं.

"आणि रोहिणी?"

मैथिली पायांवरची वाळू झटकू लागली.

"वाळूचं इतकं सांगितलंस."

"पूल होईपर्यंत नको म्हणतात."

चाचांनी हातातली कानस खाली ठेवली.

"उद्या ओहोटीला निघू," ते म्हणाले.

बुधवारी निघताना तिनं मीटर लावून चारही चाकांची हवा काढली. तीसची अठरा केली. टायर खालून पसरले. चाचा शेजारी बसले, पट्टा लावला आणि हात मांडीवर ठेवले.

पहिले दोन किलोमीटर झकास गेले. समुद्राच्या कडेची ओली वाळू, उघड्या काचा, वारा. मैथिली हसू लागली.

"हे तर डांबरासारखं आहे!"

ओहोळ दिसला तशी तिनं गाडी वरच्या अंगाला वळवली. चिखलात वळवायची तशी, एका झटक्यात. पुढची चाकं कोरड्या वाळूत आडवी शिरली. गाडी मंदावली. तिनं रेस दिली. वाळू मागे उडाली. तिनं अजून रेस दिली.

गाडी पुढे जाण्याऐवजी खाली गेली.

"थोडं जोरात घेतलं की निघेल," ती दात आवळून म्हणाली.

इंजिन ओरडत होतं. जळक्या क्लचचा वास आला.

चाचांनी हात पुढे केला, चावी फिरवली आणि काढून खिशात टाकली.

एकदम शांत झालं. लाटांचा आवाज ऐकू आला.

"चाचा! भरती लागलीय."

"लागलीय."

"पाणी वीस पावलांवर आहे!"

"दिसतंय मला. तेवढं दिसतं."

ते खाली उतरले आणि वाळूत बसले. मैथिलीही उतरली. गाडी पोटावर टेकली होती. मागची चाकं अर्धी पुरलेली.

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं तोंड फिरवलं. कोल्हापुरात तिचे फोटो होते, चिखलानं माखलेली, हात वर केलेली. इथं एक मासळीची जीप चालवणारा म्हातारा तिच्याकडे बघतही नव्हता.

"काय करू?" तिनं विचारलं.

आल्यापासून हा प्रश्न तिनं पहिल्यांदाच विचारला होता.

"पोटाखालची काढ आधी. मग चाकांमागची."

फावडं पोटाखाली जाईना. ती पालथी पडली आणि हातांनी वाळू ओढू लागली. चाचा दुसऱ्या बाजूनं ओढत होते. बोटांची नखं दुखू लागली. पाणी दहा पावलांवर आलं.

"आता हवा सोड."

"अजून? अठरा आहे."

"सोड."

तिनं पंधरावर आणली.

"अजून."

"टायर रिममधून निसटेल चाचा."

"झटक्यात वळलीस तर."

तिनं बारावर आणली. फळ्या मागच्या चाकांना लावल्या. चाचांनी चावी तिच्या तळहातावर ठेवली.

"पुढे काढू?"

"पुढची वाळू तुझ्या ओळखीची आहे?"

"नाही."

"मागची?"

तिनं मागे पाहिलं. आपल्याच चाकांच्या दोन दाबलेल्या पट्ट्या.

तिनं रिव्हर्स टाकला. पाय अ‍ॅक्सिलरेटरवर नुसता टेकवला. गाडी एकदा कण्हली, थरथरली, फळ्यांवर चढली आणि आल्या वाटेनं, एखादी म्हैस पाण्यातून निघावी तशी, संथपणे मागे आली.

पुढचा वळसा तिनं इतका मोठा घेतला, की वळतोय हे कळलंही नाही.

गावात पोचल्यावर जीप तोडणकरांच्या अंगणात लागली. मैथिली विहिरीवरून बादल्या आणून गाडीचं पोट धूत राहिली, खारं पाणी जाईपर्यंत. रात्री ती तिथंच जेवली आणि तिथंच झोपली.

गुरुवारी फटफटताना चाचा आले. गाडीभोवती फेरी मारली. मागच्या सीटवर गोधडीची चौघडी आणि एक उशी होती.

"हे काय?"

"काकूंच्या हाताखाली घ्यायला."

चाचांनी उशी दाबून पाहिली. मग बाजूला झाले.

रोहिणीकाकूंना मुरारीकाकांनी उचलूनच आणलं आणि ते शेजारी बसले. त्या नको नको म्हणत होत्या, पण आवाजात जोर नव्हता. पायांना सूज होती.

"हळू नेशील ना गं?"

"तुम्ही सांगाल तशी."

सकाळी पुळण सरळ पार पडली. डांबर लागल्यावर तिनं पंपानं चाकं पुन्हा भरली. पंप कुरकुरत वीस मिनिटं घेत होता आणि ती प्रत्येक चाकाजवळ उकिडवी बसून होती. घाई होती, पण मऊ टायरवर तिनं डांबरावरून गाडी पळवली नाही.

चार तास सुया. मग वाट बघणं. संध्याकाळी पाचच्या सुमारास जीप पुन्हा वाळूच्या तोंडाशी आली. तिनं हवा पंधरावर आणली आणि निघाली.

मध्यावर ओहोळ नव्हता.

म्हणजे जिथं होता तिथं नव्हता. दुपारच्या भरतीनं त्याचं तोंड चाळीसेक पावलं अलीकडे ढकललं होतं. सकाळच्या वाटेवर आता ती काचेसारखी वाळू चमकत होती.

मैथिलीनं ब्रेकला हात लावला नाही, पायही नाही. फक्त अ‍ॅक्सिलरेटर सोडला. गाडी उतरत्या अंगाला आपली आपण थांबली.

"काय झालं?" मुरारीकाकांनी विचारलं.

"बघून येते."

तिनं चपला काढल्या.

चमकणाऱ्या वाळूत पाय गुडघ्यापर्यंत गेला. वर, सुरूच्या झाडांजवळ, कोरडी होती, भुसभुशीत. घोट्यापर्यंत पाय जात होता, पण खाली काहीतरी टेकत होतं. ती तेवढा तुकडा तीनदा चालली. जायची, यायची, टाचेनं दाबायची.

सूर्य पाण्याला टेकायला आला होता. दोन दिवसांपूर्वी असती तर तिनं लांबून वेग घेतला असता आणि गाडी उडवली असती. उडालीही असती कदाचित.

तिनं मागे पाहिलं. खिडकीत रोहिणीकाकूंचा चेहरा, फिकट. हाताला नवी पट्टी.

मैथिली परत आली. मागची स्टेपनी सोडवली, ढकलत नेली आणि भरतीच्या रेषेच्या वर एका सुरूला टेकवली. मग चारही चाकांशी बसली.

"काका, तुम्ही तेवढं चालाल?"

"चालतो की."

"थांबलो का आपण?" आतून क्षीण आवाज आला.

"नाही काकू. हवा सोडतेय."

"बरं," काकू म्हणाल्या. त्यांनी डोळे मिटले.

तिनं सगळ्यात हळू ओढणारा बुटका गिअर टाकला. गाडी वर वळली, एवढ्या मोठ्या वळणानं की सुरूची झाडं समोरच्या काचेतून एकेक करून सरकत गेली. वाळू चाकांखाली कुजबुजत होती. एकदा मागचं डावं चाक बसल्यासारखं झालं. मैथिलीचा पाय जोर द्यायला उचलला गेला... आणि तिथंच थांबला. तिनं उलट तो अगदी थोडा सैल केला. चाकानं धर घेतला.

पलीकडे घट्ट वाळू लागली. तिथं मुरारीकाका घामेजून उभे होते. ते चढले, दार लावलं. थोड्या वेळानं त्यांनी तिच्या सीटच्या पाठीवर नुसती दोन बोटं टेकवली आणि काढून घेतली.

गावात शिरताना उजेड होता. चाचा तोडणकरांच्या अंगणात, तुळशीजवळच्या दगडावर बसले होते. सकाळी ते गॅरेजवर गेले होते, पण दुपारच्या भरतीआधीच पुळण पायी ओलांडून आले होते आणि तेव्हापासून इथंच बसून होते, असं नंतर शेजारणीनं सांगितलं.

गाडी थांबली. मैथिलीला काय काय सांगायचं होतं! ओहोळ कुठे सरकला, तिनं तो आधीच कसा ओळखला, स्टेपनी कशी काढली, चाक बसत असताना पाय कसा आवरला... तिनं दार उघडून उडीच मारली.

"चाचा! ओहोळानं वाट बदलली होती आणि मी..."

चाचा उठले. तिच्याजवळून पुढे गेले. मागच्या काचेला डोळे अगदी चिकटवून त्यांनी आत पाहिलं.

रोहिणीकाकूंची मान एका बाजूला कलली होती. तोंड किंचित उघडं. श्वास सावकाश चालला होता. शेजारी मुरारीकाका हालचाल न करता बसले होते, मुंगी आली तरी हलणार नाही असे.

मैथिलीचा हात दारावर होता, ढकलायच्या बेतात.

चाचांनी बोट ओठांवर ठेवलं.

"दार हळू लाव."