मघाची हाक

“याहून चपळ कसा होऊ, बाबा?”

शार्दूल वाघचौरे तावातावाने विचारत होता. डोंगरावर दर्गा, दर्ग्यामागे नेटवर्कचा मनोरा, मनोऱ्याखाली त्याचा लॅपटॉप. तीन वाजता खालच्या गावच्या दवाखान्यात एका बाळंतिणीचं ऑपरेशन होतं. शहरातली सर्जन पडद्यावर बघून तिथल्या डॉक्टरला सांगणार होती, आणि चाचणीत चित्र तीनदा गोठलं होतं.

“लाइनवर गर्दी झाल्याची बातमी आली की त्याच क्षणी मी डेटाचा वेग तोडतो. मोकळं म्हटलं की त्याच क्षणी सोडतो. तरी कोंडतंच!”

“बातमी पोचायला वेळ किती?”

“चार-पाच सेकंद. त्याचं काय?”

हुसेनबाबा, दर्ग्याचे म्हातारे फकीर, उठले. दर्ग्याजवळच्या पाण्याच्या टाकीच्या चावीकडे बोट दाखवून ते उतारावरच्या, नमाजाआधी हातपाय धुण्याच्या वजूच्या हौदापाशी गेले.

शार्दूलने वैतागून चावी सोडली.

खालून हाक आली, “पाणी नाही!”

त्याने अजून फिरवली.

“नाही...”

पूर्ण सोडली.

“वाहतोय! हौद वाहतोय!”

गच्च बंद केली. तरी पाणी वाहतच राहिलं. एवढ्या लांब नळीत भरलेलं पाणी कुणाच्या बापाचं ऐकतं?

बाबा वर आले. भिजलेली लुंगी पिळत त्याच्याशेजारी बसले. दोन पदव्यांचा धनी बंद चावीकडे बघत होता.

तीन वाजले. ऑपरेशन सुरू झालं. दहाव्या मिनिटाला चित्र अडखळलं.

“थांबा,” सर्जन म्हणाली. “मला दिसत नाहीये.”

पडद्यावर लाल अक्षरं: गर्दी.

शार्दूलने वेग थोडा उतरवला.

पुन्हा: गर्दी.

त्याचा हात परत निघाला... बाबांनी मनगट धरलं.

“सोडा बाबा! बाई दगावेल!”

“उतरवलास ना एकदा?”

“हो, पण...”

“मग ही हाक मघाची आहे.”

एक सेकंद... दोन... शार्दूल रडायच्या बेताला आला होता. तीन...

“हं, आता दिसतंय,” सर्जन म्हणाली. “टाका घ्या.”

लाल अक्षरं गेली. हिरवी आली.

“मोकळं झालं, बाबा! आता वाढवू?”

बाबांनी मनगट सोडलं नव्हतं.

“बेटा, हे मोकळंही मघाचंच.”