शिळेवरची दुसरी ओळ

एका राज्यात राजाहून शिळा मोठी होती. ती चौकात उभी, माथ्यावर चंद्रसूर्य कोरलेले, खाली मूळपुरुषाची एकच आज्ञा: "नदीपलीकडच्यास धान्य देऊ नये." आज्ञा मोडणाऱ्याचा दगड होई. सुरुवात पायांपासून, म्हणजे पळायचीही सोय नाही. एक लोभी राजा म्हणाला होता, "देऊ नये लिहिलंय, विकू नये कुठं लिहिलंय?" त्याच्या दगडाचं लोकांनी पुढं जातं करून घेतलं.

मग एका महापुरात नदीच उठून चालू लागली. जुनं पात्र सोडून ती नगराच्या मधोमध येऊन बसली. सकाळी पाहतात तो अर्धं राज्य पलीकडे! राणी वेणुमतीची लेक सुवेळा तिकडेच दिलेली. पलीकडची शेतं पाण्याने खरवडून नेली, इकडे कोठारं भरलेली. लेकीच्या तीरावर चूल पेटेना, तसा राणीच्या घशाखाली घास उतरेना.

"शत्रूसाठी कोरलेली आज्ञा माझ्या लेकीला कशी लागेल?" तिने विचारलं.

प्रधान धरणीधर म्हातारा, पण खांबासारखा ताठ. "बाईसाहेब, शिळेवर 'शत्रू' असा शब्दच नाही. आज तुम्ही मायेनं अर्थ वाकवाल, उद्या कुणी हावेनं वाकवील. वाकल्या खांबावर छप्पर टिकत नाही."

"आणि छपराखाली माणूसच उरलं नाही, तर खांब काय चाटायचाय?"

 तरी प्रधानाचं बोलणं राणीच्या मनात कुसळासारखं रुतलं. ते खोटं नव्हतं.

शिळा कोरताना पाहिलेला एकच जीव उरला होता, डोंगरावरचा धनेश पक्षी. राणी त्याच्याकडे गेली. धनेश म्हणाला, "तीन कामं कर. नदीच्या जुन्या पात्रात निजून ये. प्रधानाचं भय मागून आण. पलीकडच्यांना विचार. मग बोलू."

राणी कोरड्या पात्रात निजली. वाळू कानाशी लागून बोलली, "पलीकडून आलेल्यांनी कोठारं जाळली. राख गरम होती, तेव्हाच मूळपुरुषाने छिन्नी उचलली."

प्रधानाने छातीत हात घालून आपलं भय काढून दिलं. काळं, गार, अंड्याएवढं. ते पदरात बांधताच राणीची पावलं जड झाली; एक अर्थ वाकला तर सगळंच कोसळेल, हे तिला आता अंगभर कळलं.

मग ती तीरावरून ओरडली, "सुवेळा, ती ओळच खोडून टाकू का गं?"

"नको आई!" पलीकडून लेकीची हाक आली. "आज तू आमच्यासाठी ओळ खोडशील, उद्या कुणी आम्हालाच खोडील. खोडू नकोस. आम्हाला तिथं लिही!"

तीरावर उतरलेल्या धनेशाने ते ऐकलं, आपली चोच काढली आणि राणीच्या ओंजळीत ठेवली. "ही छिन्नी. चुकलीस तर दगड."

भर दुपारी, दोन्ही तीरांच्या देखत, राणीने जुन्या ओळीखाली पहिलं अक्षर कोरलं. तिच्या पायांची बोटं दगड झाली. ती कोरत राहिली: "नदी हलली, माणसं हलली नाहीत. पलीकडचे आपले ते आपलेच." दगडपण गुडघ्यांवर आलं, कमरेवर आलं, खांद्याला भिडलं. हात उचलवेना.

गर्दीतून प्रधान पुढे आला. "जुनी ओळ?"

"एक काना हलवला नाही."

"उद्या कुणाला तिसरी ओळ लिहावीशी वाटली तर?"

"अशीच लिहावी. उजेडात, सगळ्यांदेखत, स्वतःचा देह पणाला लावून."

प्रधानाने बाह्या सरसावल्या. "छिन्नी द्या इकडे. तुमचं अक्षर अगदीच वाकडं येतंय."

त्याचेही पाय दगड होऊ लागले. त्याने खाली पाहिलं नाही. "त्यांस धान्य द्यावे," एवढं त्याने कोरलं, तशी शिळा थरारली. तिच्या पोटातून एक हुंदका बाहेर पडला, पिढ्यानपिढ्या कोंडलेला, आणि वाऱ्यावर विरून गेला. शाप शाप म्हणत होते तो एवढाच होता: होरपळलेल्या म्हाताऱ्या मूळपुरुषाचा हुंदका.

दोघांच्या अंगात ऊब परतली. होड्या सुटल्या. पहिलं पोतं प्रधानाच्याच पाठीवर होतं, आणि ते तो कुणाला हात लावू देईना.

त्या सांजेला दोन्ही तीरांच्या चुली एकदम पेटल्या. ज्यांनी ही कथा ऐकली त्यांच्याही पेटोत, आणि ज्यांनी कान झाकून घेतले त्यांच्याही.